बटाट्याच्या वाफ्यातलं वाक्य

यादीत वालेरमामाचं नाव आईनं याही खेपेला सांगितलं नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून साबिना प्रार्थनेसाठी पाद्रीबाबांना द्यायची चिठ्ठी लिहीत होती. डावीकडे गेलेल्यांची नावं, उजवीकडे असलेल्यांची. आई, म्हणजे वेतुरिया, तिच्याकडे पाठ करून प्रसादाच्या शिजवलेल्या गव्हाच्या ढिगावर पिठीसाखर थापत होती आणि तशीच पाठमोरी नावं सांगत होती. गेलेल्यांत पहिले लिओन्तिन, म्हणजे बाबा. मग बाबांचे आईवडील, मग आईचे, मग जन्मल्यावर तिसऱ्याच दिवशी गेलेला तो भाऊ, ज्याचं नाव आता फक्त या चिठ्ठीत उरलं होतं. असलेल्यांत साबिनाचा मोठा भाऊ होरिया, इटलीत कामाला गेलेली त्याची बायको दोइना, त्यांची मुलगी इलिंका, आणि साबिना.

"आणि शेवटी मी," आई म्हणाली. "झालं."

"झालं?"

"झालं म्हटलं ना. शाई वाळू दे."

चौऱ्याऐंशी वर्षांची बाई सख्ख्या धाकट्या भावाला विसरली, तर वय झालं म्हणून सोडून द्यावं. पण या बाईला अर्ध्या फागाराश गावाचे वाढदिवस तोंडपाठ होते, आणि हे विसरणं तरी काही कालचं नव्हतं. बाबा असतानापासून ते चालू होतं. साबिनानं नेहमीप्रमाणे शेवटच्या ओळीखाली गुपचूप 'वालेर' लिहिलं आणि चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये टाकली. मामाच्या नावची प्रार्थना राहून जाऊ नये, एवढंच तिच्या मनात असायचं.

बाबांना जाऊन सात वर्षं झाली होती. सातव्या वर्षाची पंगत ही शेवटची. यापुढे गेलेल्या माणसासाठी वेगळं ताट वाढायचं नसतं. तो बाकीच्या सगळ्यांच्यात मिसळून जातो. होरियानं सह्यांसाठी नेमका हाच दिवस धरला होता, आणि साबिनाला ते फोनवरच कळून चुकलं होतं. 'मिठाची वाट' या बाबांच्या शेवटच्या कादंबरीची सत्तावीस प्रकरणं लिहून झाली होती. अठ्ठाविसावं त्यांनी लिहिलंच नाही. आता ते इलिंकानं यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेतलं होतं. प्रकाशकाला पुस्तक वसंतात आणायचं होतं, मुखपृष्ठावर बाबांचं एकट्याचं नाव, आणि त्यासाठी तीन वारसांच्या सह्या सोमवारपर्यंत हव्या होत्या. होरियाची सही झालेली होती. साबिना नाही म्हणून बसली होती. आई काय करणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

चर्चमध्ये पाद्रीबाबांनी नावं भरभर वाचली. आपलं नाव आलं तेव्हा वालेरमामानं डोकं आणखी खाली घातलं. प्रार्थना म्हणायला मात्र त्याचाच आवाज सगळ्यांत खणखणीत. एकोणऐंशीव्या वर्षीही हा माणूस पन्नाशीतल्या विधुरासारखा मिशा रंगवून फिरायचा. साबिनाला सायकल शिकवली त्यानं, अक्षरओळख त्यानं करून दिली. आणि ज्या नाताळात सगळ्या गावात एक संत्रं दिसत नव्हतं, त्या नाताळात कोटाच्या दोन्ही खिशांत दोन-दोन संत्री घालून दारात उभा राहिला तोही तोच. त्या संत्र्यांची सालं तिनं वाळवून वहीत ठेवली होती. अजून कधी वही उघडली तर वास येतो असं तिला वाटे, जरी तो येत नसला तरी.

दुपारी शेजारीपाजारी जेवून, प्रत्येकी गेलेल्याच्या नावचा एक पाव आणि एक मेणबत्ती घेऊन गेले. घरात पाच जण उरले. आईनं कोबीच्या पानातल्या खिम्याचं पातेलं झाकलं, मामानं स्वतःच्या प्लमच्या दारूची बाटली काढली, पेला भरला, चार थेंब गेलेल्याच्या नावानं फरशीवर सांडले.

"देव दाजींना क्षमा करो," तो म्हणाला. अशा दिवशी पेले एकमेकांना लावायचे नसतात. सगळ्यांनी आपापला उचलला.

"देव क्षमा करो."

मग होरियानं कागदांची फाइल गव्हाच्या ताटाशेजारी ठेवली.

"आजच?" साबिना म्हणाली. "तोंडातला घास तरी उतरू दे, दादा."

"सोमवारपर्यंत घास उतरेल का तुझा? सात वर्षं झाली, अजून उतरतोच आहे."

"इलिंकानं वाचून तर दाखवू दे," मामा मध्ये पडला. "ऐकून नाही म्हण, साबी. न ऐकता नाही म्हणायला तू काय सेन्सॉरबाई आहेस? माझं मत विचाराल तर छापून टाका. त्या कादंबरीतले दोघे मित्र सत्तावीस प्रकरणं एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. किती दिवस उभं करून ठेवणार बिचाऱ्यांना?"

"तुला कोणी विचारलंय का, वालेर?" आई म्हणाली.

"नाही ताई. मी न विचारताच बोलतो, जन्मापासून."

इलिंकानं कपाटावरचा टाइपरायटर जरा बाजूला सरकवला आणि तिथे आपला लॅपटॉप ठेवला. साबिनाची नजर त्या दोन यंत्रांवर खिळली. बाबांचा तो 'एरिका' टाइपरायटर. त्या काळी टाइपरायटर बाळगायला परवाना लागे आणि दर जानेवारीत तो पोलीस ठाण्यात नेऊन त्याच्या अक्षरांचा नमुना द्यावा लागे, म्हणजे गावात कुठे काही आक्षेपार्ह कागद सापडला की कुठल्या घरातून निघाला ते कळायला बरं. बाबा तो साबिनाच्या लहानपणीच्या गोधडीत गुंडाळत, बर्फावरच्या घसरगाडीवर बांधत आणि बापलेक तो ओढत ठाण्यावर नेत. लोक वाटेत थांबून विचारत, कोण आजारी आहे? ठाण्यातल्या बाकावर बाबा शिकाऊ पोरासारखे बसत आणि दिलेला मजकूर टाइप करत. त्या यंत्राचं एक अक्षर जरा खाली बसायचं. ते बघून हवालदार दर वर्षी म्हणायचा, "मास्तर, तुमचं यंत्र लंगडतं. आम्हाला बरं पडतं." परत येताना बाबा तिला पावाच्या दुकानात गरम पाव घेऊन द्यायचे, आणि दोघं तो घर येईपर्यंत संपवायचे. त्या दिवसांची भीती साबिनाला आठवत नव्हती, गोधडी आणि पाव तेवढे आठवत होते. याची तिला कधीकधी लाजही वाटे.

इलिंकाच्या कागदावरची अक्षरं मात्र कुठेच लंगडत नव्हती. ती कुठून निघाली हे कुठल्याही हवालदाराला सांगता आलं नसतं. ब्राशोव शहरातल्या दैनिकात एकतीस वर्षं प्रुफं तपासलेल्या साबिनानं ती अकरा पानं तांबडी पेन्सिल घेऊन काल रात्रीच नुसती प्रुफासारखी चाळली होती आणि पेन्सिल टेकवायला जागा मिळाली नव्हती. चार वर्षांपूर्वी तिला कॉफी पाजून, पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवलं तेही असल्याच एका यंत्रापायी. पण तो राग वेगळा, हा वेगळा, असं ती स्वतःला बजावत होती.

इलिंका वाचू लागली.

पोरगी वाचायची छान. आजोबांच्या मांडीवर बसून टाइप करायला शिकलेली. वाक्य कुठे श्वास घेतं ते तिला ठाऊक. दोन मित्रांपैकी ज्यानं दगा दिला तो म्हातारपणी दुसऱ्याच्या बागेच्या फाटकाशी येतो. काही बोलत नाही. दुसरा त्याला आत घेतो, पेला भरतो. काही विचारत नाही. वारा, भिंतीवरची मांजर, दूरवर आगगाडीची शिट्टी: सगळं बाबांचं. बाबा पुन्हा खुर्चीत बसले होते आणि चष्मा कपाळावर सरकवून बोलत होते. साबिनाला स्वतःचा संताप आला, पण रडू आलं ते आलंच. होरिया तर उघड रडत होता. आईनं रुमालाऐवजी टेबलाच्या कापडाचं टोक डोळ्यांना लावलं.

शेवटी बागेतला मित्र म्हणतो: "संध्याकाळी मी बटाट्याच्या वाफ्यात उभा राहतो तेव्हा मला कुणाचाच राग येत नाही. दिवसभराचा सगळा राग माती माझ्या पायांतून काढून घेते." आणि दोघं अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहतात.

मग होरियानं नाक शिंकरलं.

"हे वाक्य," तो म्हणाला, "हे बाबांच्या शाळेच्या पाटीवर घालायचं. वसंतात बाबांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवतायत, तिच्यावर एक ओळ हवीय म्हणून हेडमास्तर माझ्या मागे लागलेत. हीच ओळ. खाली बाबांचं नाव."

मामाचा पेला टेबलाकडे जाता जाता मध्येच थांबला.

आणि आई हसायला लागली. रडता रडता हसू यावं तशी नाही, चांगली खदखदून.

"कोण? लिओन्तिन? बटाट्याच्या वाफ्यात? अरे, त्या माणसानं जन्मात कुदळ धरली नाही! गांडूळ दिसलं की आत पळायचा. बागेत यायचा तो एकाच कामाला, जेवण कधी होणार ते विचारायला. बटाटे मी लावले, मी काढले. राग जायचा का म्हणून विचारा, माझा तर कंबर दुखून दुप्पट व्हायचा."

"आई, लेखक काय फक्त स्वतः केलेलंच लिहितो?" होरिया वैतागला. "खुनावर लिहिणाऱ्यानं खून केलेला असतो?"

"खुनाबद्दल नाही सांगत मी. बटाट्याबद्दल सांगते."

"आजी, पण हे यंत्रानं मनचं नाही घातलेलं," इलिंका घाईघाईनं म्हणाली. "मी चाळीस शेवट काढून घेतले त्याच्याकडून. त्यातला हा निवडला तो या वाक्यासाठीच. मलाही वाटलं होतं, आजोबा आणि बटाटे? म्हणून मी कागदांत शोधलं. तर जवळजवळ असंच्या असं सापडलं. आजोबांचं खरंखुरं बोलणं आहे ते."

"कुठल्या कागदांत?" साबिनानं विचारलं.

"पोटमाळ्यावरच्या खोक्यांत. मी सगळंच दिलं होतं ना त्याला, आत्या. कादंबऱ्या, वह्या, पत्रं. चौदाशे पानं एकेक करून स्कॅन केली."

"सगळं म्हणजे? ती तपकिरी फाइल पण?"

"ती तर सगळ्यांत उपयोगी पडली. तीत आजोबांचं बोलणं तारीखवार आहे."

साबिना उठून लॅपटॉपपाशी गेली. पडद्यावर ते पान होतं: पिवळं पडलेलं, वर शिक्का. गुप्तपोलिसांनी बाबांवर ठेवलेली फाइल. कम्युनिस्ट राजवट पडल्यावर पुष्कळ वर्षांनी, २००७ साली, बाबांनी अर्ज करून तिची प्रत मिळवली होती, दोन दिवस खोलीचं दार लावून वाचली होती आणि पोटमाळ्यावर टाकून दिली होती. घरातल्या तरुण पोरीनं ती उघडली आणि तिला वाटलं, वा, आजोबांची संभाषणं! 'संबंधित इसम म्हणाला की संध्याकाळी तो बटाट्याच्या वाफ्यात उभा राहतो...' तारीख १४ मे १९८५. खाली खबऱ्याचं टोपणनाव: पावेल.

"इलिंका," साबिना हळूच म्हणाली, "हे आजोबांनी लिहिलेलं नाही गं. हे आजोबांवर लिहिलेलं आहे."

पोरीचा चेहरा उतरला. "पण बोलले तर तेच ना?"

"तेच म्हणतोय मी," होरियानं टेबलावर हात आपटला. "पावेल हरामखोर होता, कबूल. पण त्यानं ऐकलं तेच लिहिलं. वाक्य बाबांचंच आहे."

"नाही," वालेरमामा म्हणाला. "वाक्य माझं आहे."

साबिनाला आधी वाटलं, मामा नेहमीची थट्टा करतोय. तिनं हसायची तयारीसुद्धा केली. पण मामानं पेला खाली ठेवला होता आणि तो आईकडे बघत होता. आई गव्हाच्या ताटाकडे.

"म्हणजे काय?" होरियानं विचारलं.

"म्हणजे दाजी असं कधी बोललेच नाहीत. मी रचलं ते. माझ्या खोलीत बसून, कोळशाच्या शेगडीशी. पावेल मीच."

बाहेर शेजाऱ्याचा कुत्रा भुंकत होता. कुणीतरी त्याला गप्प करायला हवं होतं.

"ऐंशी साली गुप्तपोलिसांनी मला बोलावलं. दोन तास बसवून ठेवलं. मारलं नाही, धमकीसुद्धा नीट दिली नाही. कारखान्यातल्या माझ्या बैठ्या नोकरीबद्दल बोलले, आणि मी सही केली. मारलं असतं तर आज सांगायला बरं पडलं असतं," मामा म्हणाला. त्याचा आवाज चर्चमधला राहिला नव्हता. "पहिल्या तीन चिठ्ठ्या खऱ्या लिहिल्या. या स्वयंपाकघरात ऐकलं ते. तिसरीनंतर दाजींची बदली झाली."

ती बदली साबिनाला ठाऊक होती. डोंगरातली शाळा, पहाटे पाचची गाडी, सहा वर्षं. तिथल्या थंडीनं बाबांची छाती धरली ती शेवटपर्यंत सुटली नाही.

"मग मी शहाणा झालो. खोटं लिहायला लागलो. इसम बागकाम करतो. इसम मधमाश्यांबद्दल बोलतो. इसमाला बटाट्यांची काळजी वाटते. असा एक लिओन्तिन बनवला मी, कुणाला राग न येणारा. साहेबाला तो फार आवडायचा. विचारायचा, यंदा बटाटे कसे आले मास्तरांचे? नऊ वर्षं मी तो चालवला." मामानं मिशीवरून हात फिरवला. "आता पोरीचं यंत्र तोच बोलून दाखवतंय आणि तुम्ही रडताय. मीही रडलो असतो. पण संगमरवरावर नका रे घालू. रोज त्या शाळेवरून जातो मी."

"आणि संत्री?" साबिनाच्या तोंडून निघालं.

"संत्री पण तिथलीच."

तिला वहीतली ती सालं आठवली. मग आणखी एक गोष्ट आठवली, ती त्याहून वाईट. पावेल म्हणजे बाबांच्या शाळेतले गणिताचे मास्तर, असं घरात सगळ्यांनी धरून चालायचं ठरवलं होतं. कोणी ठरवलं ते आता आठवत नव्हतं. मास्तर तर केव्हाच गेले होते. पण त्यांची बायको चौकात शिवणकाम करायची, आणि साबिना इतकी वर्षं रस्ता ओलांडून पलीकडून जायची. एकदा ती बाई हात हलवत हसली होती तेव्हा साबिनानं मान फिरवली होती.

"मामा, मी त्या शिवणवाल्या बाईशी बोलणं टाकलं. तुझ्यासमोर टाकलं."

"माहीत आहे मला."

"आणि तू गप्प बसलास!"

"गप्प बसायचीच तर सवय होती," तो म्हणाला. "लिहायचं ते चिठ्ठीत."

होरिया खुर्ची मागे ढकलून उभा राहिला. "चालता हो. आत्ताच्या आत्ता ऊठ या टेबलावरून."

"बस खाली, होरिया," आई म्हणाली.

"आई, तू ऐकलंस का हा काय..."

"मी हे सतरा वर्षांपूर्वी ऐकलंय. तुझ्या बापानं फाइल वाचली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर आला आणि मला म्हणाला, वेतुरिया, माझ्या नावावर कुणीतरी फार सुरेख बटाटे लावलेत. अक्षर त्यात कुठलं, सगळं ठाण्यात टाइप केलेलं. पण वालेरची वाक्यं काय आम्हाला ओळखू येणार नाहीत? लहानपणापासून असाच बोलतो तो, गोड गोड."

वालेरमामा टेबलावर पुढे झुकला.

"दाजींना माहीत होतं?"

"माहीत होतं. दर रविवारी तुला जेवायला बोलावत होता तो कशाला? म्हणायचा, आज सांगेल. तू यायचास, विनोद सांगायचास, कोबी खायचास, जायचास. तो मला म्हणायचा, पुढच्या रविवारी सांगेल. दहा वर्षं रविवार मोजले त्यानं." आईचा आवाज चढला नाही, पण हात टेबलाच्या कापडाची घडी घालत सुटला होता. "पुस्तक का अडलं म्हणून विचारता ना तुम्ही सगळे? अठ्ठाविसाव्यात तो मित्र येऊन स्वतःच्या तोंडानं सांगतो, असं होतं ते. मी म्हटलं, मग लिही की. तर म्हणाला, जे झालंच नाही ते कसं लिहू? खोटं क्षमा करून टाकल्यासारखं होईल. हे यंत्र बघ कसं झटकन मोकळं झालं. आला, बसला, प्याला, झालं. ना त्यानं सांगितलं, ना यानं विचारलं."

होरिया परत बसला. रागाला जागा न उरल्यासारखा बसला. "शेवटच्या आजारात बाबांनी मला बोलावलं होतं," तो खाली बघत म्हणाला. "म्हणाले, वही घेऊन ये, काही सांगायचंय. मी म्हटलं पुढच्या आठवड्यात येतो. मला वाटत आलं की शेवटचं प्रकरण तेच. मी गेलो असतो तर पुस्तक पुरं झालं असतं."

"नसतं झालं, राजा. तुला पुरं करता येण्यासारखं ते नव्हतंच." आईनं त्याच्या हातावर हात ठेवला. सात वर्षं हा मुलगा पुस्तक छापायच्या मागे का लागला होता, ते साबिनाला आत्ता उमगलं, आणि काल फोनवर त्याला 'पाटीचा हौशी' म्हटल्याचं वाईट वाटलं.

"आणि मला का नाही सांगितलंस?" ती आईला म्हणाली. "त्या बाईला मी इतकी वर्षं..."

"चुकलं ते माझं," आई म्हणाली. "मी सांगितलं असतं तर वालेरनं आपणहून सांगितलं असं झालं नसतं, म्हणून थांबले. त्या बाईचा विचार मी केला नाही. उद्या तू जा आणि मी पण येते."

इलिंका इतका वेळ लॅपटॉपपाशी उभी होती. तिच्या गालांवर ओघळ होते. "मला वाटलं मी आजोबांना परत आणलं," ती म्हणाली. "आणि मी पावेलला आणलं."

"दोघंही आले," साबिना म्हणाली. तिनं पर्समधून तांबडी पेन्सिल काढली, अकरा पानं उचलली आणि मामासमोर ठेवली. "तुझ्या जेवढ्या ओळी आहेत तेवढ्यांखाली रेघ मार."

मामानं चष्मा लावला. चार ठिकाणी रेघ मारली, पाचव्या ठिकाणी थबकला. "ही दाजींची असावी," तो म्हणाला. "मी इतकं बरं नाही लिहीत." आईनं पान आपल्याकडे ओढलं, मांजराच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही माझी. मी बोलले होते, त्यानं वहीत उतरवून घेतली आणि नावही सांगितलं नाही मेल्यानं." मग होरियानं आगगाडीच्या शिट्टीवर हक्क सांगितला, नवव्या वर्षी त्यानं निबंधात लिहिली होती ती, बाबांनी गुण दिले होते सात. आणि एवढ्या सगळ्यात कुणाला तरी हसू फुटलं. मामाला नाही.

होरियानं सह्यांचा कागद घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. "सत्तावीसच छापू," तो म्हणाला. "प्रकाशक नाही म्हणाला तर दुसरा बघू. पण वाचणारे विचारतील, पुढे काय झालं?"

"पुढचं मी लिहू?" इलिंकानं विचारलं. "यंत्र न घेता. वेगळं, माझ्या नावानं. आजचं."

"लिही," वालेरमामा म्हणाला. "माझं खरं नाव घाल."

तो उठला. कोट घालायला त्याला कुणी मदत केली नाही, आणि त्यानंही कुणाकडे पाहिलं नाही. दारापर्यंत गेला तेव्हा आईनं हाक मारली.

"वालेर. पाव आणि मेणबत्ती न घेता चाललास?"

तो परत आला, दोन्ही घेतली आणि टोपी हातात धरून उभा राहिला. "ताई, मी येत्या रविवारी..."

"उद्याच रविवार आहे. साबी, कोरा कागद दे. उद्याची चिठ्ठी लिहायचीय."

साबिनानं कागद आणि पेन घेतलं आणि सवयीनं लिहायला बसली. आईनं तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"तू नको. माझ्यामागे इतकी वर्षं त्याचं नाव घालत आलीस, मला काय कळत नव्हतं?"

तिनं चष्मा पुसला. उजव्या बाजूला, सगळ्यांच्या वर, वाकड्यातिकड्या अक्षरांत, फार वेळ लावून तिनं लिहिलं: वालेर. मग कागद उचलून दारात उभ्या असलेल्या भावाला लांबूनच दाखवला.

"वाच," ती म्हणाली. "हे मी लिहिलंय."